सतर्क राहावे

आमच्या खात्यात त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. बाकी आम्ही सगळे त्याला अनुषंगराव म्हणायचो. ‘अनुषंगाने’ हा शब्द त्याच्या तोंडात, दाताच्या फटीत अडकलेल्या धाग्यासारखा, कायमचा मुक्कामाला होता. स्वतःच्या लग्नासाठी त्याने रजेचा अर्ज केला तोही असा: ‘विवाहाच्या अनुषंगाने सदर कर्मचाऱ्याची उपस्थिती आवश्यक असल्याचे वधूपक्षाकडून कळविण्यात आले आहे.’ तेव्हाच्या साहेबांनी रजा मंजूर केली, पण खाली शेरा मारला, ‘पर्यायी व्यवस्था शक्य आहे का, तपासावे.’

घरीही तेच. जेवता जेवता मान वर न करता म्हणायचा, “भाजीत मीठ कमी असल्याचे निदर्शनास आले आहे.” वहिनी तितक्याच गंभीरपणे म्हणायच्या, “आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे.” आणि मीठ यायचं नाही. त्या दोघांचा संसार या पायावर उभा होता आणि चांगला भक्कम होता.

आमचं खातं धरणाचं. वर धरण, खाली वस्ती, मध्ये नदी, आणि या सगळ्यांच्या मध्ये आमचं पहिल्या मजल्यावरचं ऑफिस. लोखंडी कपाटं, कपाटांत न मावलेल्या फायली कपाटांच्या डोक्यावर, आणि कोपऱ्यात नियंत्रण कक्ष नावाची खोली. तिथला पंखासुद्धा आमच्या नियंत्रणात नव्हता. बटण दाबून चालायचा नाही, काठीने ढोसावा लागायचा.

अनुषंगराव मसुदे लिहायचा. खात्यातून बाहेर पडणारं प्रत्येक वाक्य त्याच्या हाताखालून जायचं, आणि जाता जाता त्यातला माणूस काढून घेतला जायचा. नव्या कारकुनांना तो शिकवायचा, “वाक्यात माणूस सापडता कामा नये. सापडला की त्याला बोलावून विचारतात. म्हणून ‘आम्ही पाणी सोडलं’ असं लिहायचं नाही. ‘पाणी सोडण्यात आले’ असं लिहायचं. कुणी सोडलं? सोडण्यात आलं. पाणी आपल्या मनाने उठलं आणि गेलं.”

त्याची सगळ्यांत गाजलेली कृती म्हणजे पुराची सूचना. तो नोकरीत नवा होता तेव्हा जुनी सूचना अशी होती: ‘धरणातून पाणी सोडत आहोत. नदीकाठच्यांनी घरे सोडून उंचावर जावे.’ एका वर्षी लोक सूचना ऐकून गेले, पाणी काही आलं नाही, आणि मागे कुणाच्या तरी शेळ्या चोरीला गेल्या. शेळ्यांचे मालक ऑफिसात येऊन बसले. तुम्ही जा म्हणालात म्हणून गेलो, आता शेळ्या तुम्ही भरा. साहेबांना घाम फुटला. तरुण अनुषंगराव ती सूचना घेऊन आपल्या टेबलाशी गेला आणि चहा निवायच्या आत नवी घेऊन आला: ‘धरणातून नदीपात्रात टप्प्याटप्प्याने विसर्ग वाढविण्यात येण्याची शक्यता असून, त्या अनुषंगाने नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’

साहेबांनी दोनदा वाचलं. “यात आपण लोकांना काय करायला सांगितलंय?”

“काहीच नाही, साहेब.”

“वा,” साहेब म्हणाले.

पाणी आलं तरी खातं कोरडं, नाही आलं तरी खातं कोरडं. साहेब बदलले, पंखा बदलला, पण त्या सूचनेतला स्वल्पविरामही कुणी हलवला नाही. अनुषंगरावाला तिचा अभिमान होता. काही माणसं पोराचं प्रगतिपुस्तक दाखवतात तशी तो ती सूचना दाखवायचा.

त्याला एक धाकटी बहीण होती. हा चार ओळींत जे सांगायचा ते ती भुवईने सांगायची. ती राहायची खालच्या आळीत, नदीला अगदी खेटून. पुढे दुकान, मागे घर. तिचा नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. लहानपणी खुब्याला मार बसल्यामुळे एका अंगावर झुकून चालायचा, आणि माणसांपेक्षा मशीनशी जास्त बोलायचा. “काय झालं तुला? धागा का तोडतेस?” असं तो विचारत असला की आत धाकटी आहे की पुढ्यात मशीन, हे बघूनच ठरवावं लागायचं. अनुषंगराव सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन बसायचा. आळीतल्या समस्त पोरांचा तो मामा, आणि म्हणून मोठ्यांचाही मामा.

पावसाळ्यात एखादेवेळी भोंग्याची गाडी त्याची सूचना वाचत आळीतून गेली की धाकटी म्हणायची, “दादा, तुझा विसर्ग आला बघ. विसर्ग म्हणजे दुःखातली ती दोन टिंबंच ना रे?”

“शब्द तोच. अर्थ वेगळा.”

“मग आम्ही कसं ओळखायचं, टिंबं येतायत का पाणी येतंय?”

मशीनच्या पोटातून मेहुण्याचा आवाज यायचा, “टिंबं असली तर फडक्याने पुसून घेऊ.” आणि तिघं हसायची. सूचना कुणी गंभीरपणे घ्यायची नाही, कारण ती तशी घेण्याजोगं तिच्यात काही नव्हतं.

ज्या वर्षी पावसाने उसंतच घेतली नाही त्या वर्षी एका सकाळी धरणाचे दरवाजे उघडायचं ठरलं. भोंग्याची गाडी गेली, सगळ्यांच्या मोबाइलवर संदेश गेला, आणि अनुषंगराव त्या सूचनेच्या प्रती निरनिराळ्या कार्यालयांना ‘माहितीस्तव’ पाठवत बसला. मधेच त्याने बहिणीला फोन केला. मी शेजारच्या टेबलाशी होतो. त्याचं बोलणं मला ऐकू येत होतं, आणि तिचंही, कारण आमचे फोन गुपित ठेवण्याच्या लायकीचे नव्हते.

“सूचना मिळाली का गं?”

“मिळाली.”

“मग?”

“सतर्क आहोत.”

“मग ठीक,” तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. त्याच्या हिशोबाने सतर्क आहोत म्हणजे कुलूप लावून वरच्या शाळेकडे निघालो आहोत.

तिच्या हिशोबाने सतर्क राहावे म्हणजे राहावे.

आळीतल्या कुणालाच त्याचा दुसरा अर्थ लागला नव्हता. खात्याने राहा म्हटलंय, फक्त झोपू नका म्हटलंय. म्हणून सगळी आळी जागी राहिली. लोकांनी धान्य फळीवर चढवलं, खाटा विटांवर चढवल्या, मेहुण्याने मशीनं खाटेवर चढवली, पायरीवर खडूने रेघ मारली आणि दोघं नवराबायको दारात बसून रेघेकडे बघत राहिली. पाणी रेघेकडून आलंच नाही. ते मागच्या गटारातून आलं, भर दुपारी, स्वयंपाकघरातून. शेजारच्या इस्त्रीवाल्याने धाकटीला आपल्या पत्र्यावर ओढून घेतलं. मेहुण्याच्या हातात कुणाच्या तरी मुलीच्या लग्नातलं मशीन होतं. ते टाक म्हणेपर्यंत त्याचा खुबा गेला, पाय गेला, आणि तो गेला. तो सापडला पुलाच्या खांबापाशी. मशीन सापडलं नाही.

शाळेच्या वर्गात बाकं एकावर एक रचून लोकांना झोपायला जागा केली होती. फळ्यावर कुठल्यातरी तासाचा भागाकार अर्धा राहिला होता. अनुषंगराव घोंगड्या घेऊन आला आणि धाकटीसमोर जमिनीवर बसला. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, “राहावे म्हणालात. राहिलो.”

“अगं, सतर्क राहावे म्हणजे...” तो म्हणाला, आणि त्या वेळी त्या जागी हे वाक्य पूर्ण करायला लागला. “म्हणजे परिस्थितीवर लक्ष ठेवून, आवश्यकता भासल्यास, सुरक्षित स्थळी...”

“‘जा’ म्हणायला काय झालं होतं, दादा? दोन टिंबांपेक्षा लहान शब्द आहे.”

मागे इस्त्रीवाल्याची म्हातारी आई घोंगडी मागत होती. तिला ती त्याने दिली, कारण दुसरं काही देण्यासारखं त्याच्याकडे नव्हतं.

पुढे चौकशी लागली. लोकांना वेळेवर सूचना दिली होती का, असं वरून विचारलं गेलं. खात्याचं उत्तर कोण लिहिणार? जो लिहायचा तोच. आमच्या आताच्या साहेबांनी त्याला आत बोलावलं. साहेब सभ्य गृहस्थ होते, वाईट बातमीसुद्धा खुर्ची देऊन सांगायचे.

“तुमच्या घरचं कळलं. वाईट झालं. पण आपली सूचना आहे ना, तीच आपली ढाल आहे. सतर्क राहा असं आपण सांगितलं होतं. तेवढं व्यवस्थित येऊ द्या.”

अनुषंगरावाने उत्तर लिहून नेलं. साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. कागदावर एवढंच होतं: ‘सूचना मी लिहिली. लोकांनी जावं असं मी तिच्यात लिहिलं नव्हतं, म्हणून ते गेले नाहीत.’

“अहो, हे काय? यात माणूस आहे.”

“हो, साहेब. मीच आहे.”

साहेबांनी तो कागद टेबलाच्या खणात ठेवला आणि उत्तर दुसऱ्या कारकुनाकडून लिहून घेतलं. तो कारकून अनुषंगरावाच्याच हाताखाली शिकला होता. उत्तर उत्कृष्ट झालं. चौकशी आटोपली. दोष नदीचा निघाला.

धाकटी परत खालच्या आळीत गेली. दुसरं कुठे जाणार? भाडं तिथलंच परवडत होतं, आणि गिऱ्हाईक तिथलंच ओळखीचं होतं. नवऱ्याच्या शेजारी बसून बसून निम्मं काम तिला येत होतं, उरलेलं तिने मशीन मोडून मोडून शिकून घेतलं. भाऊ आला की ती त्याला स्टूल द्यायची, चहा द्यायची, आणि कामापुरतं बोलायची. पूर्वीची भुवई काही उचलली जायची नाही. अनुषंगराव मला एकदाच म्हणाला, “पुढच्या पावसाळ्याआधी त्या सूचनेत ‘निघा’ हा शब्द आला पाहिजे. ती तिथेच आहे अजून.” बस्स. त्याला दुसरं काही नको होतं. बढती नको, बदली नको, एक शब्द हवा होता.

नेमकं त्याच सुमाराला वरून सुधारणा कक्ष आला. सरकारी कामकाज सोपं करायचं, भाषा सोपी करायची, बदल अंगी बाणवायचा. त्यासाठी मुख्यालयातून एक बाई आल्या. बाई प्रामाणिक होत्या, हीच आमची पंचाईत झाली. लबाड अधिकाऱ्याला कसं हाताळायचं हे आमच्या अंगवळणी पडलेलं होतं, प्रामाणिक माणसाचं काय करायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी आम्हाला रंगीत चिठ्ठ्या दिल्या आणि ‘आपण कोणता बदल करू इच्छिता’ ते लिहून भिंतीवर लावायला सांगितलं. कुणी लिहिलं ‘सकारात्मकता’, कुणी ‘पारदर्शकता’. शिपायाने लिहिलं ‘पंखा’. अनुषंगरावाने लिहिलं ‘निघा’.

बाईंना वाटलं, हा आपल्यालाच निघा म्हणतोय. मग त्याने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “एका शब्दाचंच काम आहे ना? करून टाकू.” नव्या होत्या.

तो एक शब्द मग टेबलं फिरला. कायदेवाले म्हणाले, ‘निघा’ म्हटलं की कुठे ते सांगावं लागेल, कुठे ते सांगितलं की तिथे दिवे, पाणी, संडास आपल्याला द्यावे लागतील. इंजिनिअर म्हणाले, पाणी किती सोडल्यावर निघा म्हणायचं ते लेखी द्या. लेखी देणारे म्हणाले, ते इंजिनिअरांनी सांगावं. एक जुने हिशेबनीस आत्मीयतेने म्हणाले, “अहो, शेळ्या विसरलात का? तुमचीच सूचना ना ती? मग तिचा गळा तुम्हीच कशाला घोटताय?” अनुषंगराव प्रत्येक टेबलाशी उभा राहायचा, अगदी गयावया करायचा, आणि एरवी ज्याच्या वाक्याला शेपूट सापडायचं नाही तो माणूस एकाच शब्दावर येऊन अडायचा. आम्हाला त्याची कीव यायची आणि हसूही यायचं. हत्तीने सुईत दोरा ओवायला बसावं तसं ते दिसायचं.

बाई त्याच्या बरोबरीने भांडल्या. पाणीकपातीची सूचना त्यांनी सोपी करून घेतली, पावत्यांवरची भाषा सोपी करून घेतली. पुराची मात्र पावसाळ्याच्या तोंडावर मंजूर होऊन आली ती अशी: ‘विसर्गवाढीच्या अनुषंगाने नदीकाठच्या नागरिकांनी संभाव्य स्थलांतराच्या दृष्टीने सतर्क राहावे.’ वर एक हसऱ्या थेंबाचं चित्र होतं.

साहेब म्हणाले, “बघा, स्थलांतर आलं की नाही?”

त्याच महिन्यात आमच्या खात्याला सुलभ भाषेबद्दल मुख्यालयाचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते नियंत्रण कक्षात टांगलं.

पावसाळ्याच्या मध्यावर पुन्हा दरवाजे उघडायची वेळ आली. नियंत्रण कक्षात अनुषंगराव, मी आणि बाई होतो. मंजूर सूचना यंत्रात तयार होती, फक्त बटण दाबायचं होतं. अनुषंगरावाने ती पुसली आणि टाइप केलं: ‘आम्ही पाणी सोडतोय. खालच्या आळीने आत्ता निघा. शाळेत जा. तिथे आम्ही आहोत.’ बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग खुर्ची फिरवून खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. त्याने बटण दाबलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “‘तिथे आम्ही आहोत’ म्हणालोय. शाळेची किल्ली कुणाकडे असते?”

मी धावत गेलो. ‘आम्ही’ म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा खरोखर मी निघालो.

सगळी आळी आली. धाकटीही आली, मशीनचं डोकं चादरीत बांधून. आणि पाणी आलं नाही. वरचा पाऊस थांबला, दरवाजे अर्धे लावले गेले, नदी पायरीला शिवून माघारी गेली. लोक संध्याकाळपर्यंत त्या वर्गांत बसले. दिवे नव्हते, संडास एकच होता, आणि कायदेवाले म्हणाले होते तसंच सगळं झालं. घरी परत गेले तर इस्त्रीवाल्याच्या दुकानातले गिऱ्हाइकांचे कपडे गठ्ठ्यासकट गायब. तो ऑफिसात आला, पण भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. अनुषंगरावाला म्हणाला, “मामा, चांगलं मामा बनवलंत.”

अनुषंगराव निलंबित झाला. विनापरवानगी मजकूर बदलणे, घबराट पसरवणे. मंजूर सूचना पुन्हा लागू झाली. बाईंची बदली झाली. जाताना त्यांनी मला विचारलं, “एखादं पाऊल चुकलं का हो माझं?” मी म्हटलं, “नाही. पाऊल उचललंत, एवढंच.” त्यांना ते आवडलं नाही, आणि मलाही बोलून बरं वाटलं नाही.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी पुन्हा एकदा दरवाजे उघडले. सकाळी भोंग्याची गाडी आळीतून गेली: संभाव्य स्थलांतराच्या दृष्टीने सतर्क राहावे. तिच्या मागून छत्री घेऊन अनुषंगराव आला. आता तो खात्याचा नव्हता, नुसता मामा होता. घरोघरी कड्या वाजवत तो म्हणत होता, “निघा. पाणी येतंय. निघा.”

इस्त्रीवाला दारातच होता. “मागच्या वेळी निघालो तर लोकांचे शर्ट गेले. ते अजून फेडतोय. गाडीने काय सांगितलं ते ऐकलं ना? राहावे.”

“गाडीचं ते ‘राहावे’ मीच लिहिलं होतं रे. चुकीचं आहे.”

“आणि मागच्या वेळचं? तेही तुम्हीच लिहिलं होतं.”

आतून म्हातारी म्हणाली, “मामाला चहा विचार.” तो पुढच्या दाराशी गेला. तिथेही तेच. काहींनी आदराने ऐकलं, काहींनी हसून. एका घरातली पोरं निघाली, बापाने त्यांना परत आत घेतलं.

शेवटी तो धाकटीच्या दुकानात आला. ती मशीन उघडून बसली होती.

“निघ,” तो म्हणाला.

“मागच्या वेळी आले होते ना? आज काम आहे. संध्याकाळपर्यंत द्यायचंय.”

“निघ गं.”

“दादा, तुझं ऐकून एकदा राहिले, एकदा निघाले. दोन्ही वेळा तूच. आता मी माझं बघते.”

तो छत्री मिटून स्टुलावर बसला. “बरं. मग मीही राहतो.”

“काय नाटक आहे हे?”

“नाटक नाही. बसलोय.”

ती स्क्रू फिरवत राहिली. तो बसून राहिला. मागच्या गटारात पाणी गुरगुरायला लागलं तेव्हाही तो उठला नाही, फक्त पाय वर घेतले. तेव्हा धाकटीने पाना आपटला, त्याला आणि त्याच्या सात पिढ्यांना, म्हणजे स्वतःलाही, दोन सणसणीत शिव्या दिल्या, मशीनचं डोकं चादरीत गुंडाळून त्याच्या काखेत कोंबलं आणि त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. चढावर ती पुढे आणि तो मागे. इस्त्रीवाल्याच्या दारावरून जाताना ती ओरडली, “चला हो, म्हातारीला मी धरते.” त्याने इस्त्री उचलून दाखवली: तापलीय, एवढी संपवतो.

पाणी मागच्या वर्षीपेक्षा हातभर जास्त आलं. पत्रासुद्धा उरला नाही. इस्त्रीवाला आणि त्याची आई, दोघंही गेली. आळीतली बाकीची माणसं कशीबशी वर आली, काहींना दोराने काढावं लागलं. खात्याच्या अहवालात ‘सूचना वेळेत देण्यात आली होती’ असं आहे, आणि ते खरंच आहे. चौकशी फार चालली नाही. या वेळी ढाल पहिल्यापासून तयार होती.

अनुषंगरावाच्या निलंबनाचं अजून काही ठरलेलं नाही. फाइल कुठल्या टेबलाला आहे ते मला माहीत आहे, पण तिथून ती हलवायची कशी, ते ज्याला येत होतं तोच निलंबित आहे. दिवसभर तो धाकटीच्या दुकानात असतो. ती दुरुस्त करते आणि तो पट्टा धरतो, तेल देतो, गिऱ्हाइकाला तारीख सांगतो. गिऱ्हाइकाला तो सांगतो, “परवा ये. मी देतो.” वहिनी म्हणतात, घरी आता मीठ कमी असलं तर उठून स्वतःच घेतो, आणि ते बघून त्यांना रडू येतं.

आळीत बरेच जण त्याच्याशी बोलतात. काही बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की, हा ‘निघा’ म्हणाला नसता तर पाणी न आलेल्या त्या वेळी इस्त्रीवाला शर्ट सोडून गेला नसता, शर्ट गेले नसते, आणि मग पाणी आलं त्या वेळी तो निघाला असता. त्यात काही खोट काढता येत नाही. अनुषंगरावही काढत नाही. ते लोक दुकानावरून गेले की तो खाली बघून तेलाची बाटली पुसत बसतो.

परवा मी गेलो होतो तेव्हा इस्त्रीवाल्याच्या रिकाम्या जागेसमोर टेम्पो उभा होता. मालकाने नवा पत्रा घातला होता, भिंतींना चुना मारून ओलीची रेघ झाकली होती, आणि कुठल्या तरी दुसऱ्या गावाहून आलेलं एक तरुण जोडपं सामान उतरवत होतं. नवरा कपाट ढकलत होता. बायको, पोटुशी, दारात उभी राहून कपाट कुठे ठेवायचं ते हाताने दाखवत होती. ओळख नसताना ती आमच्याकडे बघून छान हसली.

धाकटीने मशीनमधून डोकं वर काढलं. “दादा, जा. सांगून ये.”

“काय सांगू?”

“नदीचं.”

“आज कशाला. आत्ताच आलेत बिचारे, सामान लावतायत. लावून होऊ दे, उद्या निवांत सांगतो.”

“आत्ताच जा,” ती म्हणाली. “एकदा लावून झालं की कुणी निघत नाही.”

अनुषंगरावाने तेलाचे हात फडक्याला पुसले आणि चपला शोधायला लागला.